जे जागचं हलत नाही, त्याला तार

पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या घरांतून इंटरनेटची तक्रार बहुधा एकाच तऱ्हेची असते. पुढच्या खोलीत झकास चालतं, मागच्या खोलीत रेंजच मिळत नाही. मग कंपनीला फोन जातो आणि शंभर एमबीपीएसच्या जागी दोनशेचा, दोनशेच्या जागी तीनशेचा प्लॅन घेतला जातो. बिल वाढतं, मागची खोली होती तशीच राहते. अडचण कंपनीच्या तारेत नसून घराच्या भिंतीत असते आणि ती प्लॅन बदलून सुटत नाही. घरातल्या छोट्या नेटवर्कसाठी कोणती यंत्रं घ्यावीत याचा विचार म्हणूनच दुकानात नव्हे, घरात सुरू व्हायला हवा. हातात टेप घेऊन, भिंती मोजत.

पेठेत दोन तऱ्हांची बांधकामं शेजारीशेजारी आहेत. जुना वाडा रस्त्याच्या बाजूने अरुंद आणि आत खोलवर पसरलेला: दगडी जोतं, सागवानी खांब आणि तुळया, मधे चौक, मातीत किंवा चुन्यात बांधलेल्या दीड-दोन फूट जाडीच्या भिंती. त्याला लागून पुनर्विकासात उभी राहिलेली इमारत. तिथे भिंती चार ते सहा इंचांच्या, पण प्रत्येक स्लॅबमध्ये लोखंडी सळ्यांची जाळी. वाय-फायला दोन्ही घरं अवघडच, फक्त दिशा वेगळी. वाड्यात एका खोलीतून पलीकडच्या खोलीत जाणं कठीण, इमारतीत मजला ओलांडणं कठीण.

कारण सोपं आहे. वाय-फाय आपल्याकडे मुख्यतः दोन पट्ट्यांत चालतं, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्या पट्ट्यातल्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटीमीटर, दुसऱ्यातल्या लहरीची त्याच्या निम्म्याहूनही कमी. लहर जितकी आखूड तितकी ती भिंतीत जास्त खर्ची पडते. म्हणून ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त असला तरी दोन जाड भिंतींपलीकडे तो पोचतच नाही. भिंतीत ओल असेल तर आणखी पंचाईत, कारण पाणी या लहरी शोषून घेतं. पावसाळ्यात जुन्या भिंती ओल धरतात आणि उन्हाळ्यात बरी चालणारी खोली ऑगस्टमध्ये रुसते, त्यामागे हेच कारण असू शकतं. वाटेत लोखंडी कपाट किंवा मोठा आरसा आला तर लहर सरळ परत फिरते. आरशाच्या काचेमागे धातूचा मुलामा असतो, हे आपण विसरून जातो.

हे सगळं पैसे खर्च न करता तपासता येतं. अँड्रॉइड फोनवर वाय-फायची ताकद आकड्यांत दाखवणारी फुकट ॲप मिळतात. आकडा उणे चिन्हाने येतो आणि एकक डीबीएम. उणे ५०च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ६७पर्यंत व्हिडिओ कॉल निभावतो, उणे ८०ला नावापुरती रेंज. फोन घेऊन एक फेरी मारावी, प्रत्येक खोलीचा आकडा कागदावर टिपावा, कपाटं आणि आरसे कुठे आहेत त्याची खूण करावी. अर्ध्या तासाचं काम आहे आणि खरेदीच्या यादीपेक्षा हा कागद जास्त उपयोगी पडतो.

याच फेरीत दुसरी गोष्ट दिसते, ती म्हणजे शेजारी. पेठेत दाटीने घरं आहेत, आणि त्यात सदाशिव, नारायण आणि नवी पेठ म्हणजे स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांचा मुलूख. अभ्यासिका, वसतिगृहं, भाड्याच्या खोल्या, प्रत्येकाचा वेगळा राउटर. फोनच्या पडद्यावर अनोळखी नेटवर्कची लांबलचक यादी उगाच दिसत नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न येणारी चॅनल तीनच आहेत: १, ६ आणि ११. वाय-फायचं यंत्र बोलण्याआधी हवा मोकळी आहे का ते ऐकतं आणि कोणी बोलत असेल तर थांबतं. शेजारची पंधरा घरं या तीन चॅनलवर बोलत असतील, तर आपल्या राउटरचा बराचसा वेळ वाट बघण्यातच जातो. राउटरवर किती अँटेना आहेत याचा इथे उपयोग नाही.

सरकारने या लहरी टप्प्याटप्प्याने परवानामुक्त केल्या. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली पूर्ण खुला झाला, ५ गिगाहर्ट्झमधला ६०५ मेगाहर्ट्झचा मोठा भाग ऑक्टोबर २०१८मध्ये. ६ गिगाहर्ट्झच्या खालच्या भागासाठी नियमांचा मसुदा मे २०२५मध्ये निघाला. वाय-फाय ६ई किंवा वाय-फाय ७चा महागडा राउटर घेताना म्हणून एक प्रश्न विचारायलाच हवा: भारतात विकल्या जाणाऱ्या या मॉडेलमध्ये ६ गिगाहर्ट्झ प्रत्यक्षात सुरू आहे का? तो पट्टा बंद असेल, तर त्याचे पैसे देण्यात अर्थ नाही. वाय-फाय ६ मात्र पेठेसारख्या गर्दीत खरंच उपयोगी आहे, कारण त्यात एकाच वेळी अनेक यंत्रांना हवेचा वाटा विभागून देण्याची सोय आहे.

आता घरात शिरणारी तार. आज ती बहुतेक ठिकाणी काचेची असते. कंपनीच्या केंद्रातून निघालेला एक धागा वाटेत विभागला जातो आणि ३२ किंवा ६४ घरांत पोचतो. या विभागणीच्या जागी वीज लागत नाही. जीपॉन या प्रचलित पद्धतीत त्या सगळ्या घरांना मिळून खाली येणारा वेग सुमारे अडीच गिगाबिट असतो. घरात भिंतीवर जी पांढरी किंवा काळी पेटी लावतात ती ओएनटी. प्रकाशाचे संकेत विजेच्या संकेतांत बदलणं हे तिचं खरं काम, पण कंपन्या त्याच पेटीत राउटर, वाय-फाय आणि दोन-चार पोर्टचा स्विच कोंबून देतात. पेटी बसवणारा माणूस ती दाराजवळ लावतो, कारण तिथपर्यंत त्याची तार सोपी जाते. घराच्या दृष्टीने बहुधा तीच सगळ्यात वाईट जागा असते.

पेशवाईत कात्रजच्या तलावाचं पाणी भुयारी नळातून शहरात आणलं होतं. वाटेत उच्छ्वास, शेवटी हौद. नळ कितीही उत्तम बांधला तरी हौदापासून स्वयंपाकघरापर्यंतची सोय ज्याची त्याने बघायची होती. कंपनीचा फायबर दारापर्यंत येतो, तिथून पुढची जबाबदारी आजही घरमालकाची आहे आणि बहुतेक घरांत तिचा कोणी विचारच केलेला नसतो.

विचार करायचा तर एका साध्या वाटणीने करावा. जे जागचं हलत नाही त्याला तार, जे हातात फिरतं त्याला हवा. टीव्ही, टेबलावरचा कॉम्प्युटर, प्रिंटर, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर ही भिंतीला चिकटलेली यंत्रं. त्यांना वाय-फायवर ठेवण्याचं काही कारण नाही. संध्याकाळी टीव्हीवर चाललेली मालिका तारेवर गेली की तेवढी हवा फोन आणि लॅपटॉपला मोकळी होते. घरून काम करणाऱ्याच्या मीटिंगमधला आवाज तुटायचा थांबतो, आणि तोही राउटर न बदलता.

यात लागणारा स्विच ही सगळ्या यादीतली सर्वांत गुणी वस्तू. पाच पोर्टचा साधा गिगाबिट स्विच हजार-दीड हजारात मिळतो, जेमतेम दोन-चार वॉट वीज खातो, त्याला पासवर्ड नाही की सेटिंग नाही, आणि वर्षानुवर्षं चालतो. आठ पोर्टचा घेतलेला बरा, कारण पोर्ट नेहमी कमीच पडतात.

पेठांना तारेचं हे जाळं नवीन नाही. नव्वदीच्या दशकात घराच्या पुढच्या खोलीत डीटीपीचा व्यवसाय चालायचा. दोन-तीन कॉम्प्युटर, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, एक लेझर प्रिंटर, आणि अप्पा बळवंत चौकातल्या प्रकाशकांची कामं. त्या काळातल्या छोट्या कार्यालयांत पातळ कोॲक्सियल केबलचं नेटवर्क असे: एकच तार एका कॉम्प्युटरकडून दुसऱ्याकडे जाणारी, प्रत्येकाच्या पाठीशी टी आकाराचा जोड, दोन्ही टोकांना ५० ओहमची टोपी. वेग १० मेगाबिट, लांबीची मर्यादा १८५ मीटर. झाडताना एक जोड सैल झाला की सगळे कॉम्प्युटर एकदम बंद. प्रत्येक यंत्राची तार स्वतंत्र आणि मधे स्विच, ही आजची रचना त्या त्रासातूनच रूढ झाली. एक तार तुटली तर एकच यंत्र बंद पडतं.

दुकानात सगळ्यात जास्त फसगत होते ती पेटीवरच्या आकड्यांनी. 'एसी १२००' म्हणजे १२०० मेगाबिट वेग नव्हे. २.४ गिगाहर्ट्झवरचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ८६७ मिळवून, वरच्या शंभरापर्यंत नेऊन तो आकडा होतो, आणि हे दोन्ही कागदावरचे कमाल वेग आहेत. कोणताही एक फोन दोन्हींची बेरीज वापरत नाही. 'एएक्स ३०००' हीसुद्धा ५७४ आणि २४०२ची बेरीज. त्यातला २४०२ गाठायला १६० मेगाहर्ट्झ रुंदीचं चॅनल लागतं. ते पेठेतल्या गर्दीत मोकळं मिळणं कठीण आणि पुष्कळ फोनना ते वापरताही येत नाही.

खरा आकडा पेटीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतो: पोर्टचा वेग. स्वस्त राउटरपैकी अनेकांचे पोर्ट अजून १०/१०० आहेत, म्हणजे कमाल १०० मेगाबिट. घरी ३०० मेगाबिटचा प्लॅन, राउटरवर 'एसी १२००'चं लेबल, आणि मधे १०० मेगाबिटचा पोर्ट असेल, तर घराला मिळणार शंभराच्या आतच. उरलेल्या दोनशेचं बिल दर महिन्याला भरलं जातं. दुकानदाराला एवढंच म्हणावं, 'सगळे पोर्ट गिगाबिट पाहिजेत.'

केबलच्या खरेदीला पेठेतून फार लांब जावं लागत नाही. बुधवार पेठेतली तपकीर गल्ली चालत गाठता येते आणि इलेक्ट्रिकचं, इलेक्ट्रॉनिक्सचं बहुतेक सामान तिथे मिळतं. घरासाठी कॅट ६ पुरेशी आहे. ती शंभर मीटरपर्यंत गिगाबिट नेते, आणि परिस्थिती चांगली असेल तर पन्नासेक मीटरपर्यंत दहा गिगाबिटसुद्धा, म्हणजे पुढच्या वीस वर्षांची सोय. पण केबल उघडून बघावी. बाजारात 'सीसीए' नावाचा प्रकार आहे, त्यात तार ॲल्युमिनियमची असते आणि वर तांब्याचा पातळ थर. तिचा विद्युत रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. ती ठिसूळ असते, टोक चेमटताना तुटते, आणि केबलमधूनच वीज पुरवायची असेल तर तापते. ओळखायला ब्लेड पुरे. आठांपैकी एका तारेचं प्लॅस्टिक काढून तार हलकेच खरवडावी. आत चंदेरी दिसलं तर परत द्यावी, आतपर्यंत लालसर असेल तर तांबं. वजनही सांगतं. ३०५ मीटरची पूर्ण पेटी उचलली तर सीसीएची पेटी हाताला चांगलीच हलकी लागते.

केबलच्या आत आठ तारा चार जोड्यांत पिळलेल्या असतात, आणि जोड्यांचा पीळ वेगवेगळा असतो. एका जोडीचा गोंगाट दुसरीत उतरू नये म्हणून ही रचना. टोकाला जोडणी करताना हा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नये. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी असा क्रम दोन्ही टोकांना लावला की झालं. इथे एक लपलेली गंमत आहे. १०० मेगाबिटला यातल्या दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. निळी किंवा तपकिरी तार नीट बसली नसेल तर नेटवर्क बंद पडत नाही, बऱ्याच यंत्रांत ते गुपचूप १००वर उतरतं. वायरमन 'चालतंय' म्हणून निघून जातो. तो जायच्या आधी कॉम्प्युटरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये १००० हा आकडा दिसतोय का, ते बघून घ्यावं.

वाड्यात केबल ओढायची म्हणजे वेगळं कसब लागतं. मातीतल्या भिंतीत प्लग धरत नाही, स्क्रू भुग्यासकट बाहेर येतो. तुळयांच्या कडेने, लाकडाला क्लिप मारत जाणं सोपं आणि दिसायलाही बरं. विजेच्या तारांपासून केबल हातभर लांब ठेवावी, ओलांडायची असेल तर काटकोनात ओलांडावी. उंदरांचा वावर असेल तर पाइपातूनच न्यावी. चौकापलीकडच्या खोलीत उघड्यावरून तांब्याची केबल नेणं मात्र टाळलेलं बरं. आसपास वीज पडली की त्या तारेत विजेचा झटका येतो आणि दोन्ही टोकांची यंत्रं जळतात. तिथे काचेचा धागा टाकावा आणि दोन बाजूंना दोन छोटे कन्व्हर्टर लावावेत. काचेतून वीज वाहत नाही.

इतकं केल्यावर वाय-फायचा प्रश्न बराच लहान होतो. मागच्या खोलीसाठी अनेकजण रिपीटर घेतात. प्लगमध्ये खोचायचा हा ठोकळा स्वस्त असतो, पण साधा रिपीटर ज्या चॅनलवर ऐकतो त्याच चॅनलवर पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो, आणि आधीच दाटलेल्या हवेत आणखी भर पडते. दोन-तीन डब्यांचे मेश संच त्याहून चांगले, तरी दोन फुटी भिंतीतून एका डब्याने दुसऱ्याशी बोलायचंच असेल तर तिथेही भिंत आडवी येणारच. खरा उपाय एकच: मागच्या खोलीपर्यंत केबल नेऊन तिच्या टोकाला ॲक्सेस पॉइंट, म्हणजे तारेवरून वाय-फाय पसरवणारं यंत्र, लावणं. जुना राउटर घरात पडून असेल तर तोही या कामाला चालतो, फक्त त्यातली यंत्रांना नेटवर्कचे पत्ते वाटण्याची सोय बंद करायची आणि केबल लॅन पोर्टमध्ये लावायची. नवीन घ्यायचा तर पीओईचा घ्यावा. त्याला केबलमधूनच वीज मिळते, त्यामुळे छताजवळ वेगळा प्लग पॉइंट काढावा लागत नाही.

विजेचा विषय निघालाच आहे तर गुरुवार आठवायला हवा. पुण्यात वीजवाहिन्यांच्या दुरुस्तीची कामं बहुधा गुरुवारी निघतात. फायबरची तार वाटेत विजेवर अवलंबून नसली तरी घरातली ओएनटी आणि राउटर बंद पडले की सगळं बंद. घरातला इन्व्हर्टर सुरू होतानाच्या क्षणभराच्या खंडानेही ही यंत्रं पुन्हा पहिल्यापासून चालू होतात आणि दोन-तीन मिनिटं जातात. यासाठी राउटरचा छोटा यूपीएस मिळतो. तो घेताना अॅडॅप्टरवरचे दोन आकडे वाचावेत: व्होल्ट आणि अँपिअर. बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असतात, पण कोणी १ अँपिअर मागतो, कोणी २. व्होल्ट तंतोतंत जुळायला हवेत, अँपिअर जास्त चालतात, कमी नाही. आणि राउटर वेगळा असेल तर यूपीएस दोन्ही पेट्यांना हवा. ओएनटी बंद ठेवून राउटर चालू असण्यात काही हशील नाही.

फोटो, कागदपत्रं, नाटकांची जुनी रेकॉर्डिंग एका जागी ठेवायला घरात एखादं यंत्र कायम चालू असावं असं पुष्कळांना वाटतं. माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर त्यासाठी काढला तर तो फुकटात पडत नाही. ६० वॉट खाणारं यंत्र चोवीस तास चाललं तर दिवसाला १.४४ युनिट, महिन्याला ४३. रास्पबेरी पायसारखा पाच वॉटचा छोटा बोर्ड महिन्याला चारच्या आत राहतो. पायची चौथी आवृत्ती २०१९ साली आली, तेव्हापासून तिला पूर्ण गिगाबिट पोर्ट आहे. त्याआधीच्या आवृत्त्यांत तो नव्हता, म्हणून जुनी स्वस्तात मिळते एवढ्यावर भुलू नये. दोन हार्ड डिस्कचा तयार संच घेतला तर एक डिस्क गेल्यावर दुसरी वाचवते, पण चुकून पुसलेला फोटो दोन्हींवरून एकदमच जातो. म्हणून एक प्रत घराबाहेर हवीच, मग ती कोथरूडच्या मावशीकडच्या डिस्कवर का असेना.

परदेशातल्या मुलाला हे फोटो किंवा दारावरचा कॅमेरा बघायचा असेल तर वेगळीच अडचण उभी राहते. जगातले जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते संपत आले. आशियाच्या वाट्याचा अखेरचा मोठा साठा एप्रिल २०११मध्ये वाटपाला लागला. त्यामुळे अनेक कंपन्या शेकडो घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. राउटरला मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांतल्या एखाद्या जोडीने सुरू होत असेल तर घर अशा सामायिक पत्त्यामागे आहे आणि बाहेरून थेट आत येता येणार नाही. कंपनीकडून स्थिर पत्ता विकत घ्यावा, किंवा वायरगार्ड या व्हीपीएनवर आधारलेली टेलस्केलसारखी सोय वापरावी. राउटर महागडा घेऊन हे सुटत नाही.

राउटर निवडताना शेवटी एक गोष्ट बघायची, ती पेटीवर छापलेली नसते. कंपनी त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सुधारणा किती वर्षं देते? २०१६ साली मिराय नावाच्या घुसखोर प्रोग्रॅमने जगभरातले कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर लाखांनी ताब्यात घेतले. त्याची युक्ती एवढीच होती की कारखान्यातून आलेले साठेक ठरावीक पासवर्ड तो करून बघत होता. पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. आणि शक्य असेल तर ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त सॉफ्टवेअर ज्यावर चालतं असं मॉडेल घ्यावं. कंपनीने हात वर केले तरी अशा राउटरला सुधारणा मिळत राहतात.

पेठेतल्या कितीतरी वाड्यांचे आणि जुन्या सोसायट्यांचे करार सध्या बिल्डरांशी होत आहेत. फरशी कोणती, नळ कोणत्या कंपनीचे, यावर बैठका रंगतात. त्याच यादीत चार ओळी घालून घ्याव्यात. फायबर येतो त्या जागी हवा खेळेल असं छोटं कपाट आणि त्यात दोन प्लग पॉइंट. तिथून प्रत्येक खोलीपर्यंत २५ मिलिमीटरचा स्वतंत्र पाइप, विजेच्या पाइपापासून वेगळा, आणि आत ओढायला दोरी. टीव्हीच्या भिंतीवर आणि अभ्यासाच्या टेबलामागे दोन-दोन जोडण्या. पॅसेजच्या छतात ॲक्सेस पॉइंटसाठी एक. भिंती उभ्या राहत असताना हे पाइप टाकायला खर्च नगण्य येतो. गिलावा झाल्यावर तेच काम भिंती फोडून करावं लागतं.